जेवून लगेच निघणाऱ्या भाचीस

चि. भाचीबाईंस अनेक आशीर्वाद.

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला तू येणार, याविषयी मला शंका नव्हतीच. पण "शनिवारी जेवून चारला निघाले तर चालेल का, दोन दिवस श्रीवर्धनला मी काय करू?" असे तू विचारलेस, आणि मी अस्वस्थ झालो, कारण 1998 साली, अण्णांच्या साठीशांतीच्या वेळी, हेच मी विचारले होते आणि मला कोणीही अडवले नव्हते. मी मात्र अडवणार आहे. मुक्काम कर.

लग्नाचे काय, पगार किती, घर कधी घेणार, या चौकशांचा तुला वीट आला आहे हे मला ठाऊक आहे, आणि त्यांची बाजू मी घेणार नाही. परंतु या चौकशा पंगत उठेपर्यंतच चालतात. मसालेभात आणि जिलबी यांच्या दरम्यान जे विचारायचे ते सगळ्यांचे विचारून होते आणि साठा संपतो. चारला निघणाऱ्याच्या वाट्याला तेवढ्या चौकशाच येतात, आणि मग तोच पुण्यात सांगत फिरतो की नातेवाईक फार भोचक असतात. खरे घर रात्री सुरू होते. पडवीत सतरंज्या पडतात, बदाम सातचा डाव बसतो, तुझी मोठी मावशी हटकून लबाडी करते आणि हटकून पकडली जाते. सकाळी उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा मोठ्या कढईत परतला जातो आणि ताटल्या अपुऱ्या पडतात म्हणून दोघीदोघी एका ताटलीत खातात. त्या ताटलीवर कोणी कोणाला पगार विचारत नाही.

मी चारला निघालो होतो. सोमवारी बँकेत तपासणी होती, आणि ती नंतर पुढे ढकलली गेली, हे आजही आठवले की चिडायला होते. त्या रात्री अण्णांनी अंगणात बसून सगळ्यांना भरतीचे गणित शिकवले: तिथीला पाऊणपट करावी, येईल त्या वाजता भरती, आणि तिच्या सुमारे सहा तास पुढेमागे ओहोटी. दुसऱ्या दिवशी तेच गणित मांडून त्यांनी सतरा जणांना हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेला नेले. अण्णा 2006 साली गेले. हे गणित मला तुझ्या बाबांनी सांगितले, म्हणजे नागपूरहून आलेल्या, तोवर समुद्र दोनदाच पाहिलेल्या माणसाने. माझ्या वडिलांची विद्या मला त्यांच्या जावयाकडून शिकावी लागली. तुझे बाबा त्या रात्री मुक्कामाला होते, एवढाच आमच्यातला फरक.

आता तूच हिशेब कर. शनिवारी तृतीया आहे. तिची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे पंगत उठेल तेव्हा भर भरती असेल, आणि देवळामागच्या कातळातून उतरणाऱ्या पायऱ्यांखालची प्रदक्षिणेची वाट पाण्यात असेल. ओहोटी रात्री साडेआठच्या आसपास, म्हणजे अंधारात. रविवारी चतुर्थी; भरती तीनला, म्हणून ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास. जो राहील त्यालाच ती वाट मिळेल. समुद्र कोणाच्या शनिवार-रविवारच्या सोयीने मागे सरत नाही, आणि आजीही आता ताटाभोवती पन्नास माणसे असताना काही सांगत नाही. ती बोलते ती रात्री, पाय चेपून घेताना. हजार पौर्णिमांना साधारण ऐंशी वर्षे दहा महिने लागतात, हे गणित गुरुजी सांगतील. त्यांतल्या पावसाळ्यातल्या किती ढगांनी गिळल्या, हे मात्र तिलाच विचारावे लागेल, आणि तेही रात्री.

मला घरात हट्टी म्हणतात, हे माझ्या कानावर आहे. मागच्या वर्षी दिवेआगरला जाताना मी मुद्दाम सतरा आसनी गाडी ठरवली, म्हणजे कोणाला एकट्याने लवकर परतता येऊ नये. तुझ्या मामेभावाची सोमवारी परीक्षा होती आणि तो माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. ते चुकलेच, परीक्षा हे खरे कारण होते. पण बाकीच्या पंधरा जणांची कारणे मी तपासली असती, तर त्यांतली चौदा माझ्या त्या तपासणीसारखीच निघाली असती, आणि म्हणून मला फारसा पश्चात्ताप होत नाही. कोणीतरी वाईटपणा घ्यायलाच हवा होता. माझ्या वेळी तो कोणी घेतला नाही.

तेव्हा तिथून काम करता येणार नाही, गादीवर झोप लागत नाही, हे मला कळवू नकोस. खरेच राहवले नाही, तर रविवारी प्रदक्षिणेनंतर मी स्वतः तुला माणगावला सोडीन. सव्वाआठला घरून निघायचे आहे. कातळावर शेवाळ असते, पकड असलेल्या चपला आण. शनिवारच्या परतीच्या गाडीचे आरक्षण आजच रद्द कर आणि तसे मला कळव, कारण मंडपवाल्याला गाद्यांचा आकडा बुधवारपर्यंत द्यायचा आहे आणि मी तुझी गादी धरून सव्वीस सांगणार आहे.

तुझा,
मामा