लॅबच्या प्रिंटमध्ये रंग काळवंडतात, तेव्हा दोष मॉनिटरचाच असतो असे नाही

कॅमेऱ्यात ॲडोबी आरजीबी ही कलर स्पेस (रंगांना आकडे देण्याची पद्धत) निवडली होती, स्क्रीनवर हिरवा चुडा आणि कुंकू झळझळीत दिसत होते, प्रिंट मात्र मळकट आले आणि लॅबवाल्याने मॉनिटरकडे बोट दाखवले, असे आपण लिहिले आहे. हे उत्तर मला तोंडपाठ आहे. एका लॅबने (नाव घेत नाही) लग्नाचा अख्खा अल्बम छापून झाल्यावर मलाही तेच ऐकवले होते. आपला मॉनिटर कॅलिब्रेट केलेला (त्याचे रंग प्रमाणाशी जुळवून घेतलेले) आहे, असे मी धरून चालतो.

ॲडोबी आरजीबीचा आवाका एसआरजीबी या सर्वसाधारण वापराच्या कलर स्पेसपेक्षा मोठा असल्यामुळे एकाच रंगाचे आकडे दोन्हींत वेगळे पडतात. एसआरजीबीतला २५५-०-० (लाल, हिरवा, निळा यांचे ० ते २५५ मधले आकडे) हा लाल ॲडोबी आरजीबीत साधारण २१९-०-० असा नोंदवला जातो. फाइलमधले प्रोफाइल, म्हणजे आकडे कोणत्या कलर स्पेसचे आहेत ही नोंद, वाचणारे यंत्र त्या २१९ चा अर्थ बरोबर लावते. येणारी प्रत्येक फाइल एसआरजीबीच आहे असे मानणारे यंत्र मात्र तो आकडा जसाच्या तसा घेते आणि कुंकू काळवंडते.

मला सर्वांत महागात पडली ती काउंटरवरची दुरुस्ती. प्रोफाइल वाचले जाते का, या प्रश्नाला 'आमच्याकडे सगळे ऑटो आहे' एवढेच उत्तर मिळाले. तक्रार केल्यावर ऑपरेटरने सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) वाढवून पुन्हा छापले, तेव्हा कुंकू सुधारले, पण नवरीचा चेहरा केशरी झाला. पैसे मात्र दोन्ही वेळचे घेतले.

माझ्या मते लॅबला नेहमी एसआरजीबीतली वेगळी प्रत द्यावी आणि ती फोटोशॉपमध्ये 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' वापरूनच करावी. 'असाइन प्रोफाइल'ने आकडे तेच राहतात आणि त्यांचा अर्थ तेवढा बदलतो, म्हणजे लॅबने केलेला घोळ आपण घरीच करून देतो. मूळ फाइल मोठ्या कलर स्पेसमध्ये राहू द्यावी. ती प्रोफोटो आरजीबी या आणखी मोठ्या कलर स्पेसमध्ये असेल, तर १६ बिटमध्येच (प्रत्येक रंगाच्या जास्त पायऱ्या नोंदवून) ठेवावी.

हे सारे मिनीलॅबपुरते, म्हणजे फोटो लॅबमधल्या छपाई यंत्रापुरते आहे. ऑफसेटच्या सीएमवायकेबद्दल (चार शाईंच्या रंगपद्धतीबद्दल) मी अधिकाराने बोलू शकत नाही. घरच्या इंकजेटवर रंगांचा ताबा फोटोशॉपकडे दिला असेल, तर प्रिंटर ड्रायव्हरमधील रंगदुरुस्ती बंद करावी, अन्यथा ती दोनदा होते. लॅब बदलण्यापूर्वी ज्या कागदावर फोटो छापायचे त्याच कागदावर एक लहान प्रिंट काढून घ्या आणि 'ऑटो करेक्शन बंद' असे ऑर्डरवर लिहून घ्या. तोंडी सांगितलेले यंत्रापर्यंत पोहोचतेच असे नाही.