स्विच बंद केला तरी एलईडी बल्ब मंद का चमकतो?
अनेकदा स्विच फेजऐवजी (वीज आणणारी वायर) न्यूट्रलवर (परतीची वायर) जोडलेला असतो. दिवा जवळजवळ विझतो, पण होल्डरमध्ये फेज तसाच राहतो. स्विच बंद असूनही बल्ब बदलताना शॉक बसू शकतो तो यामुळे. स्विच बंद ठेवून, बल्ब काढून होल्डरच्या पिनांना टेस्टर लावा. एखाद्या पिनेवर ठळक पेटला तर जोडणी उलटी आहे.

दुरुस्तीआधी मेन स्विच बंद करा, टेस्टरने पुन्हा खात्री करा (टेस्टर आधी चालू सॉकेटवर तपासून). वायरच्या रंगावर विसंबू नका. फेज स्विचच्या एका टर्मिनलला, दुसऱ्यातून वायर होल्डरला. न्यूट्रल थेट होल्डरला. स्क्रू घट्ट आवळा, सैल स्क्रूने टर्मिनल तापून बोर्ड जळतो.

जोडणी बरोबर असूनही चमकत असेल, तर स्विचमधला इंडिकेटर (छोटा दिवा) पाहा. त्यातून झिरपणारा किंचित प्रवाहही एलईडीला पुरतो.