वजनांची, नाण्यांची कोडी सोडवायला कसं शिकावं? मुलाखतीत विचारतात.

कोडी पाठ करू नका, एवढंच लिहून थांबणार होतो. पण तुम्ही उदाहरण नेमकं चाळीस किलोचं दिलंत : तराजू आहे, १ ते ४० किलोपर्यंत पूर्ण किलोतलं कुठलंही माप करायचंय, कमीत कमी वजनं किती? जुनी खपली निघाली.

सातवीला शिष्यवृत्तीच्या तासाला सरांनी हेच फळ्यावर लिहिलं होतं. सरांचं उत्तर सहा : १, २, ४, ८, १६, ३२. मी म्हटलं चार : १, ३, ९, २७. वीस किलो हवेत ना? एका पारड्यात २७ आणि ३, दुसऱ्यात माल, शेजारी ९ आणि १. दोन्हीकडे तीस. सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "मालाच्या पारड्यात वजन? ही दुकानदारी घरी ठेव."

आमचं किराणा दुकान होतं. दोन किलोचं वजन हरवलेलं, म्हणून चार किलो शेंगदाणे मोजताना वडील पाचचं वजन इकडे आणि एकचं शेंगदाण्यांच्या पारड्यात ठेवायचे, आणि गिऱ्हाईकाला ऐकू जाईल असं म्हणायचे, "पाचातून एक गेला." त्यावरूनच मला सुचलं. १ आणि ३ मध्ये चारपर्यंत भागतं, मग पाचासाठी नऊ आणायचे. रात्री वडिलांना सांगितलं तर ते हिशेबाच्या वहीतून मान वर न करता म्हणाले, "विचार त्यांना, दिवाळीला चार किलो दाणे कसे नेले."

कारण पुढे कळलं. प्रत्येक वजनाला तीन जागा : हे पारडं, ते पारडं, नाहीतर फळी. चार वजनांच्या ८१ मांडण्या. सगळी फळीवर ती एक सोडा, उरल्या ८०. पारडी अदलाबदल केली की तेच माप, म्हणून ४०. फ्रान्सच्या बाशे या गणितज्ञानं सतराव्या शतकात हेच उत्तर दिलंय. सरांचं सहाचं उत्तर याच्या पासंगालाही पुरत नाही.

तुमच्या नाण्यांनाही हीच किल्ली. बारा नाणी, एक खोटं, जड की हलकं माहीत नाही, तराजूवर ते कमीत कमी तोलांत शोधायचं आणि जड की हलकं तेही सांगायचं : शक्यता २४. तराजू दर वेळी तीनपैकी एक उत्तर देतो (हे पारडं जड, ते जड, नाहीतर सारखी), म्हणजे तीन तोलांत २७. दोन तोलांत नऊच, तेव्हा दोनांत होणार नाही हे नाणं हातात न घेता कळतं. तीनांत होतं, पण मांडणी तुम्हीच शोधा. पहिल्यांदा चारविरुद्ध चार ठेवा.

हो, बाजारात ३, ९, २७ किलोची वजनं मिळत नाहीत, छाप मारलेली १, २, ५, १० अशीच मिळतात. आणि वजनं एकाच पारड्यात ठेवायची अट असेल तर सहाच बरोबर. म्हणून मुलाखतीत आधी अट विचारून घ्या. आमच्या फळ्यावर ती अट नव्हती. त्या तासाची वही अजून आहे माझ्याकडे.