एसीचा गॅस दरवर्षी संपत नाही

पारा चढू लागला की या सदराच्या टपालात एकच विषय उरतो: एसी आणि वीजबिल. घरं वेगळी, एसी वेगळे, पण गैरसमज तेच ते. म्हणून या वेळी काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: एसी आधी १८ वर लावला की खोली लवकर गार होते आणि मग २४ केलं की वीज वाचते, असं मित्र सांगतो. खरं आहे का?

उत्तर: नाही. साध्या एसीचा कॉम्प्रेसर चालू असतो तेव्हा एकाच वेगाने चालतो. रिमोटवरचा आकडा त्याला फक्त कुठे थांबायचं ते सांगतो. इन्व्हर्टर एसी, म्हणजे गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा एसी, तर तापलेल्या खोलीत २४ वरही सुरुवातीला आपणहून जोर लावतो. होतं असं, की १८ करून मंडळी झोपी जातात आणि एसी रात्रभर थांबतच नाही. २५-२६ वर ठेवा आणि सोबत पंखा लावा. छताचा साधा पंखा ५० ते ७५ वॅटच घेतो. घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल, तर खोली किती गार ठेवायची हे डॉक्टरांना विचारा.

प्रश्न: दीड टनाचा एसी म्हणजे तासाला दीड युनिट, बरोबर ना? मग बिल इतकं कसं येतं?

उत्तर: टन हे विजेचं माप नाही. १ टन म्हणजे साधारण ३.५ किलोवॅट उष्णता खोलीबाहेर काढण्याची क्षमता. त्यासाठी वीज किती लागेल हे एसीच्या कार्यक्षमतेवर ठरतं, आणि दीड टनाच्याच दोन एसींमध्ये त्यात बराच फरक असू शकतो.

अंदाज बांधण्यापेक्षा मोजा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो तो आकडा मीटरवर छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे. घरातलं बाकी सगळं बंद करा, फक्त एसी चालू ठेवा आणि घड्याळ लावून एक मिनिट मोजा. दिवा ८० वेळा लुकलुकला तर ८० गुणिले ६० भागिले ३२००, म्हणजे तासाला दीड युनिट. तासाभराने पुन्हा मोजा. खोली गार झाल्यावर इन्व्हर्टर एसीचा आकडा खाली यायला हवा. दारं-खिडक्या बंद असूनही येत नसेल, तर तंत्रज्ञाला दाखवा.

बिलाचं म्हणाल, तर जिथे वापर वाढेल तसा युनिटचा दर टप्प्याटप्प्याने चढतो, तिथे एसीचे युनिट नेमके वरच्या, महाग टप्प्यात जाऊन पडतात. शंका मीटरवरच असेल तर वीज कंपनीकडे तपासणीचा रीतसर अर्ज करा.

प्रश्न: तासभर बाहेर जाताना एसी चालूच ठेवलेला परवडतो का?

उत्तर: नाही, बंद करा.

प्रश्न: प्लगमध्ये खोचायची ‘पॉवर सेव्हर’ डबी घेतली आहे. विक्रेत्याने मीटर लावून फरक दाखवला. महिना झाला, बिल तेच आहे.

उत्तर: तेच राहणार. अशा डबीत बहुतेक वेळा एक कपॅसिटर आणि एक दिवा असतो. विक्रेता तारेभोवती क्लॅम्प मीटर लावून अँपिअर कमी झालेले दाखवतो. अँपिअर कमी होऊ शकतात, पण घरगुती बिल सहसा किलोवॅट-तासांवर, म्हणजे युनिटवर निघतं आणि युनिट कमी होत नाहीत. लोकांना हा फरक माहीत नसतो, त्यावरच हा धंदा चालतो आणि त्याची मला चीड आहे. हलक्या प्रतीची डबी तापते, ते आणखी वेगळं. काढून टाका आणि पैसे परत मागा.

प्रश्न: दर उन्हाळ्यात मेकॅनिक येतो आणि गॅस भरून जातो. तरी बिल वाढतंच आहे. यंदा पाइपवर बर्फ धरला. पुन्हा गॅस संपला का?

उत्तर: हे नीट समजून घ्या, कारण सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात. एसीतला गॅस इंधन नाही. तो जळत नाही, खर्च होत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो, खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो. तुमच्या फ्रीजमध्ये दरवर्षी कोणी गॅस भरतं का? एसीतही भरावा लागू नये. कमी झाला असेल तर गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने पुन्हा जाणार.

पाइपवर बर्फ दिसला म्हणजे गॅस कमी, हेही गृहीत धरू नका. खोलीतल्या युनिटची जाळी (फिल्टर) धुळीने बुजली की आतल्या गार नळ्यांच्या कॉइलवरून हवा कमी जाते आणि तेव्हाही बर्फ धरतो. एसी बंद करून बर्फ वितळू द्या, जाळी धुवा, वाळवून बसवा, मग पाहा. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी जाळी धुणं हे एवढं एकच काम तुमचं आहे.

तरीही बर्फ धरत असेल तर मेकॅनिकला आधी गळती दाखवायला सांगा. बाहेरच्या युनिटपाशी तांब्याच्या नळ्या जिथे नटाने जोडलेल्या असतात, तिथे तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसते का पाहा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं, म्हणून हा डाग पडतो. खात्री करायची तर नळ्यांत दाबाखाली नायट्रोजन भरून जोडांवर साबणाचं पाणी लावतात, बुडबुडे येतात. गळती बंद केल्यावर व्हॅक्यूम पंपाने नळ्या रिकाम्या करायच्या आणि मगच गॅस वजन करून भरायचा. कोणता गॅस आणि किती ग्रॅम, हे बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. जो वजनकाटा न आणता नुसत्या अंदाजाने भरतो, त्याला थांबवा.

गॅस कमी असला की खोली ठरलेल्या तापमानाला येतच नाही आणि कॉम्प्रेसर अखंड चालतो. तुमचं वाढलेलं बिल यातलंच असू शकतं. जास्त भरला तरी वीज जास्त लागते आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. शिवाय एसीत वापरला जाणारा आर-३२ हा गॅस सौम्य ज्वलनशील आहे, आर-२९० म्हणजे तर प्रोपेन, सहज पेट घेणारा. त्यामुळे ही कामं स्वतः करू नका. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राकडून करून घ्या आणि किती ग्रॅम भरला ते बिलावर लिहून मागा.

प्रश्न: एसी एक्स्टेंशन बोर्डवर चालवतो. पंधरा दिवसांपासून प्लग गरम होतो आणि जळका वास येतो. त्यामुळे वीज जास्त जात असेल का?

उत्तर: थोडी जात असेलही, पण तो प्रश्न आता बाजूला ठेवा. पंधरा दिवस थांबायला नको होतं. वास म्हणजे तारेचं किंवा सॉकेटचं प्लास्टिक वितळू लागलं आहे, यातून आग लागते. आत्ता ज्या लाइनवर तो बोर्ड आहे तिचा एमसीबी (मुख्य बोर्डावरचा, जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) पाडा, प्लगला हात लावू नका. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून एसीसाठी मुख्य बोर्डापासून वेगळी लाइन, योग्य जाडीची तांब्याची तार, स्वतःचा एमसीबी आणि अर्थिंग तपासून घ्या. तोवर पंख्यावर भागवा. एक्स्टेंशन बोर्ड एसीला पुन्हा वापरू नका.