डोळा लाल दिसला म्हणजे ऑपरेशन बिघडलं असं नव्हे

खानापूरहून प्रश्न आलाय: वडिलांचं शिबिरात मोतीबिंदूचं बिनटाक्याचं ऑपरेशन झालं, पाचवा दिवस उजाडला तरी डोळा लाल. शेजारच्या काकांनी पैसे भरून फेको, म्हणजे मशीनचं ऑपरेशन केलं, त्यांचा डोळा दुसऱ्याच दिवशी पांढरा. स्वस्तातलं म्हणून बिघडलं का?

मी डॉक्टर नाही. पण निपाणीत आमच्या आईच्या दोन डोळ्यांची दोन तऱ्हेची ऑपरेशनं झाली आणि थेंब घालायची ड्यूटी माझी होती.

फेकोत अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून मोतीबिंदूचा आतच चुरा करून ओढून घेतात. बिनटाक्याच्या ऑपरेशनला एसआयसीएस म्हणतात, त्यात डोळ्याच्या पांढऱ्या भागात सहा-सात मिलिमीटरचा बोगदा करून गाभा अख्खा काढतात. त्यासाठी वरचा पापुद्रा कापावा लागतो, बारीक रक्तवाहिन्या त्यातच, लाली तिथली. डॉक्टर बघतात ती सूज आतली. वखारीत कौलातून तिरीप आली की तंबाखूची धूळ तरंगताना दिसते ना, तशा स्लिट लॅम्पच्या, म्हणजे डोळे तपासायच्या दिव्याच्या झोतात डोळ्यातल्या पाण्यात पेशी दिसतात. ही सूज सुरुवातीला फेकोत साधारण कमी असते. काही आठवड्यांनी दोन्हींत फारसा फरक उरत नाही. मोतीबिंदू पिकून दगड झाला असेल तर फेकोचं मशीन जास्त वेळ चालवावं लागतं आणि उलट त्यातच डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा सुजू शकतो.

आईचा एसआयसीएसचा डोळा दहा दिवस लाल होता, पण तपासणीत आत स्वच्छ. फेकोचा तिसऱ्या दिवशीच पांढरा. म्हणून दुसऱ्या आठवड्यात तिनं थेंब बंद केले, मीही जोर केला नाही. चार दिवसांत उजेड सोसेना, सूज परत. स्टिरॉइडचे थेंब डॉक्टर सांगतील तसेच, आठवड्याआठवड्याला कमी करत न्यायचे. दुधट थेंब असतील तर बाटली हलवून. मधुमेह असेल तर महिन्या-दीड महिन्यानंतरही नजर धूसर होते का बघा. मागच्या पडद्याला सूज येऊ शकते.

आज वडिलांचा दुसरा डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचून घ्या. कालच्यापेक्षा कमी दिसत असेल, ठणका वाढत असेल किंवा पू दिसत असेल तर इथं उत्तराची वाट बघू नका. मिळेल ती गाडी धरून आत्ताच बेळगाव गाठा.