झाईन, हस्तलिखित आणि आपल्या घरचा दिवाळी अंक

प्रिय पिल्लू,

परवा व्हिडिओ कॉलवर तू आजीला तुझं झाईन, म्हणजे स्वतः लिहून, चित्रं काढून केलेलं छोटं मासिक, दाखवलंस, तेव्हा ती म्हणाली, "अगं, हे तर आमचं हस्तलिखित! घरचा दिवाळी अंक काढताय की काय यंदा?" फोन ठेवल्यावर तू मला विचारलंस, "दिवाळीला मासिक कशाला? आणि सण चालू असताना लोक वाचत कसे बसतात?" याचं उत्तर लांबलचक आहे, म्हणून लिहूनच देते. शिवाय आजीची कल्पना मला फार आवडली आहे, तेव्हा त्याबद्दलही लिहिणार आहे.

आधी दिवाळीचं. काशिनाथ रघुनाथ मित्र नावाचे एक संपादक मुंबईहून 'मनोरंजन' हे मासिक काढत. इंग्रजी मासिकांचे नाताळचे खास अंक त्यांच्या डोळ्यांसमोर होते. आपल्या सणालाही असा अंक हवा म्हणून त्यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. तिथून जी प्रथा पडली ती आजतागायत चालू आहे. दर दिवाळीला मराठीत शेकडो अंक निघतात. कथा, कविता, प्रवासवर्णनं, व्यंगचित्रं, शब्दकोडं, वर्षभराचं राशिभविष्य, सगळं एका जाडजूड अंकात. मोठमोठे लेखक महिनोन्महिने आधीपासून दिवाळी अंकासाठी लिहायला घेतात. पुष्कळ गाजलेल्या कादंबऱ्या आणि कथा पुस्तक होण्याआधी कुठल्या ना कुठल्या दिवाळी अंकात आलेल्या असतात.

आणि वेळ कसा मिळतो म्हणशील, तर सणातच मिळतो! शाळेला सुट्टी, घरात पाहुणे, पहाटे उठून अभ्यंगस्नान झालेलं, सकाळीच फराळ पोटात गेलेला. दुपारी घर जरा निवांत झालं की सतरंजीवर जो तो एकेक अंक घेऊन पडतो. माझ्या लहानपणी कुणाला कुठला अंक आधी मिळणार यावरून भांडणं व्हायची. तुझी आजी आधी भविष्य वाचायची, मामा थेट व्यंगचित्रांवर जायचा, आजोबा मात्र अनुक्रमणिकेपासून सुरुवात करून क्रमाने वाचायचे आणि मध्ये कुणी अंक मागितला तर देत नसत. सगळे अंक विकत घेणं कुणालाच परवडत नाही. म्हणून वाचनालयं दिवाळी अंकांसाठी वेगळी वर्गणी घेतात आणि पुढचे काही महिने तुम्ही एकेक अंक बदलून आणत राहता. दिवाळी चार-पाच दिवसांत संपते, अंक पुरतात उन्हाळ्यापर्यंत. म्हणजे तिथल्या उन्हाळ्यापर्यंत हं. इथे मेलबर्नला तोवर स्वेटर बाहेर निघालेले असतात.

आता हस्तलिखित. आजीला तुझ्या झाईनमध्ये जे दिसलं ते हे.

आमच्या शाळेत दरवर्षी हस्तलिखित निघायचं. फळ्यावर सूचना लागायची: 'हस्तलिखितासाठी साहित्य द्यावे', आणि खाली शेवटची तारीख. मुलं फुलस्केपच्या कागदावर कविता, विनोद, कोडी, सहलीची वर्णनं लिहून आणायची. बाई ती तपासायच्या आणि मग वर्गात ज्यांचं अक्षर सुवाच्य त्यांना ती मोठ्या रंगीत कागदांवर उतरवायला बसवायच्या. शीर्षकं कटनिबने, म्हणजे तिरप्या टोकाच्या निबने, काळ्या शाईत. चित्रकला येणाऱ्यांकडे कडेची वेलबुट्टी आणि मुखपृष्ठ. शेवटी सगळी पानं एकावर एक नीट लावायची, दाभणाने भोकं पाडायची आणि त्यातून लेस ओवून गाठ मारायची. प्रत एकच! स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते तिचं प्रकाशन व्हायचं, मग ती वर्गावर्गातून फिरायची आणि शेवटी मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटात जायची. चित्र काढता येत नाही, लिहिताही येत नाही म्हणणाऱ्या मुलांनाही काम असायचंच. कुणी समास आखायचं, कुणी खोडरबराने पेन्सिलीच्या रेघा पुसायचं. त्यांचीही नावं मलपृष्ठाच्या आत यायची.

ही शाळांची जुनी रीत आहे. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. घरापासून लांब राहणाऱ्या त्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. दैनिक बरं का, रोजचं, आणि तेही हाताने लिहिलेलं! पुढे १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केलं. एका इमारतीत राहणाऱ्या मुलांसाठी एक माणूस रोज वर्तमानपत्र लिहून काढतो, या गोष्टीचं मला मोठेपणीही तितकंच अप्रूप वाटतं. वाचक किती, खप किती, हा विचारच त्यात नाही. आपल्या माणसांना वाचायला मिळावं, बस.

मोठी माणसंही असं करत. १९५०च्या दशकात मुंबईतल्या काही तरुण कवींना नेहमीच्या मासिकांच्या चौकटीत बसायचं नव्हतं, तेव्हा त्यांनी आपली मासिकं आपणच काढली. त्यातलं 'शब्द' हे सायक्लोस्टाइल केलेलं होतं. सायक्लोस्टाइल म्हणजे मेणकागदावर टोकदार सळईने किंवा टाइपरायटरने अक्षरं कोरायची आणि त्यातून शाई दाबून प्रती काढायच्या. फोटोकॉपी येण्याआधीची ती स्वस्त छपाई. अशा मासिकांना मराठीत अनियतकालिकं म्हणतात, कारण ती ठरलेल्या तारखेला निघत नसत, जमेल तेव्हा निघत. तुझ्या झाईनच्या कार्यशाळेत ताईंनी सांगितलं ना, की झाईनची सुरुवात १९३०च्या आसपास अमेरिकेतल्या विज्ञानकथांच्या वेड्या वाचकांनी केली? त्यांचीही गरज तीच होती. आपल्याला जे वाचायचंय ते कुणी छापत नाही, तर आपण छापू.

पण तुझं झाईन आणि आजीचं हस्तलिखित यांत एक फरक मला दिसतो आणि आपल्या अंकासाठी तो महत्त्वाचा आहे. झाईन बहुतेक वेळा एकट्याचं असतं. तू ते खोलीचं दार लावून केलंस, आणि ते छानच झालंय. त्यातल्या पोसमच्या, इथल्या झाडांवरच्या त्या प्राण्याच्या, चित्राची मी फोटोकॉपी काढून ऑफिसात लावणार आहे. हस्तलिखित मात्र मागण्यापासून सुरू होतं. संपादक आधी सगळ्यांकडे साहित्य मागतो, मग आठवण करतो, मग पुन्हा आठवण करतो. आपल्याकडे अंक काढणं म्हणतात ते मुख्यतः हेच काम. लिहिणारा नसलेल्या माणसालाही 'तुम्ही दोन ओळी द्याच' म्हणायचं आणि त्याने दिल्या की त्याला मानाने जागा द्यायची.

म्हणून संपादक तू. तू प्रत्येकाकडे स्वतः मागायचंस, मी तुझ्या वतीने निरोप पाठवणार नाही. आजोबांना फोन करून 'आजोबा, अंकासाठी साहित्य हवंय' म्हण आणि शेवटची तारीख सांग. तारीख सांगितल्याशिवाय मराठी लेखक लिहीत नाही, हे कुठलाही संपादक सांगेल. आणि माझा आग्रह आहे की सगळ्यांनी हाताने लिहून त्याचा फोटो पाठवावा, टाइप करू नये. आजीचं अक्षर तू कधी नीट बघितलं आहेस का? तिचा 'ल' दोन पाकळ्यांचा आहे आणि 'श'ला देठ आहे. तुझ्या टॅबलेटवर जो 'ल' येतो तो वेगळा, हिंदी वळणाचा. तिचा 'ल' शाळेत गिरवून गिरवून घोटलेला आहे. टाइप केलं की आजीचं आणि मामाचं लिहिणं सारखंच दिसेल. हाताने लिहिलं तर नाव झाकूनही कुणाचं ते कळेल.

आता बांधणी. तुला एका कागदाचं आठ पानी झाईन येतंच, आपण तेच वापरू, कारण एकाच बाजूला छापायचं असल्याने फोटोकॉपी सोपी पडते. ए-फोरचा कागद आडवा धरून आठ घरं पाडलीस की खालच्या ओळीत डावीकडून मलपृष्ठ, मुखपृष्ठ, पान २, पान ३. वरच्या ओळीत डावीकडून पान ७, ६, ५, ४, पण उलटी, डोकं खाली करून. दोन ओळींमधल्या घडीवर, फक्त मधल्या दोन घरांएवढी, आडवी चीर. एकेक पान साधारण ७४ बाय १०५ मिलिमीटरचं होतं, म्हणजे दहा-बारा ओळींपेक्षा जास्त मजकूर मावत नाही, हे लेखकांना आधीच सांगून ठेव. कडेला अर्धा सेंटिमीटर मोकळं सोड, यंत्र अगदी काठापर्यंत छापत नाही. काळं पेन वापर. फिकट निळी पेन्सिल काळ्या-पांढऱ्या प्रतीत जवळजवळ दिसेनाशी होते. त्याचा फायदाही आहे, आखणीच्या रेघा निळ्या पेन्सिलीने मारल्या तर पुसायला नकोत.

साहित्य जास्त आलं तर एका अंकाचे दोन भाग कर. किंवा कागद मधोमध दुमडून, एकात एक घालून, मध्ये शिवायचे. तेव्हा पानांची संख्या चारच्या पटीत यावी लागते, एवढंच.

एक खास गोष्ट तुझ्यासाठी राखून ठेवली होती. 'आवाज' नावाचा विनोदी दिवाळी अंक मधुकर पाटकर यांनी १९५१ साली सुरू केला आणि तो खिडकीचित्रांसाठी प्रसिद्ध झाला. पानावर एक चित्र असतं आणि त्यात एक चौकोन कापलेला असतो. त्या खिडकीतून मागच्या पानावरच्या चित्राचा तुकडा दिसतो आणि वरच्या चित्रात चपखल बसतो. बघणाऱ्याला वाटतं काहीतरी भलतंच चाललंय. पान उलटलं की खालचं चित्र पूर्ण दिसतं आणि ते निघतं साधंसरळच. आमच्या घरी पाहुणे आले की अंक हातात देऊन 'आधी काय वाटतंय ते सांगा' असा खेळ चालायचा.

तुझ्या आठ पानी अंकात हे करता येईल. पान ३ आणि ४ या उलटायच्या एकाच कागदाच्या पुढच्या-मागच्या बाजू असतात आणि तो कागद दुहेरी असतो, म्हणून घडी घातल्यावर दोन्ही पदर एकदम काप. मग गंमत बघ: पान ३ वाचताना खिडकीतून पान ५ चा तुकडा दिसेल आणि पान उलटून ४ वर आलं की त्याच खिडकीतून मागे पान २ चा तुकडा दिसेल. एका भोकात दोन चित्रं लपवता येतात! त्यासाठी चार पानं एकमेकांना धरून आखावी लागतील. आधी रद्दी कागदावर नमुना कर, खिडकीची जागा ठरव, आणि मगच पक्की चित्रं काढ. कापण्याचं काम प्रत्येक प्रतीवर वेगळं करावं लागेल. बाबाला धर, त्याचा हात स्थिर आहे.

तू आणखी एक विचारलं होतंस, जाता जाता, की अंक मराठीत असायला हवा का, कारण तुझ्या मैत्रिणींना तो वाचता येणार नाही. मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र 'दर्पण' बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केलं. त्याच्या पानाला दोन स्तंभ असत, एकात मराठी आणि शेजारी इंग्रजी. म्हणजे मराठी पत्रकारिता सुरूच झाली ती दोन भाषा शेजारी शेजारी ठेवून. तूही तसंच कर. आजोबांनी जे मराठीत दिलं ते मराठीतच राहील आणि बाजूला बारीक अक्षरात तू त्याचा इंग्रजी मजकूर देशील. तुझी पोसमची गोष्ट इंग्रजीत राहील आणि तिच्या शेजारी मराठी. ते मराठी आजीकडून करून घे, तिला खूप आवडेल आणि पोसम म्हणजे काय हे तुला तिला समजावून सांगावं लागेल.

प्रती किती काढायच्या ते तू ठरव. भारतात टपालाने पाठवायच्या प्रतींना वेळ लागतो, म्हणून अंक वसुबारसेच्या बराच आधी तयार हवा. एक प्रत आपल्याजवळ ठेव, एक महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत टेबलावर ठेवू. इथल्या स्टेट लायब्ररीतही झाईनचा संग्रह आहे, तिथे कसे घेतात ते आपण शनिवारी जाऊन विचारू. आणि आजीने 'किशोर'चे जुने अंक बघायला सांगितलेत. बालभारती १९७१ पासून मुलांसाठी हे मासिक काढते आणि जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. त्यातली मुखपृष्ठं आधी बघ, मग आपलं ठरव.

संपादकीय सगळ्यात शेवटी लिही, सगळं साहित्य हातात आल्यावर. माझ्याकडून काय हवंय ते कळव. मला कविता येत नाहीत, पण शब्दकोडं मी करून देईन, आडवे-उभे शब्द दोन्ही भाषांतले चालतील का ते सांग. आणि माझी शेवटची तारीख?

तुझी,
आई