ओबीसी लिहिलंस म्हणून ओपनची जागा जात नाही

प्रिय विद्यार्थिनी,

इंजिनिअरिंगच्या सीईटीला 97 पर्सेंटाइल, कॉम्प्युटरला जायचंय. मैत्रीण ‘तुला काय, कोटा आहे’ म्हणाली, म्हणून तू कॅपच्या (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फॉर्मवर ओबीसी लिहायचंच नाही असं ठरवलंस, आणि बाबा वैतागलेत. बाबांचं ऐक.

ओपनच्या जागा सगळ्यांना खुल्या असतात, तुलाही. वाटपात तुझा विचार आधी तिथंच होतो. तिथं नंबर लागला नाही तरच ओबीसीच्या 19 टक्क्यांत. म्हणजे प्रवर्ग लिहून तू काहीच गमावत नाहीस. न लिहिता मात्र गमावशील, आणि फक्त जागा नाही: घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर 2024-25 पासून कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या ओबीसी मुलींचं शिक्षणशुल्क पूर्ण माफ आहे. स्वाभिमानापायी बाबांवर एवढा खर्च टाकणार आहेस का?

आता मेरिटचं. तूच लिहितेस की तालुक्याच्या कॉलेजात फिजिक्सला वर्षभर शिक्षक नव्हते आणि क्लास परवडला नाही. तरी 97! नीट पीजीच्या, म्हणजे डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या, ओबीसी आरक्षणावर जानेवारी 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलं: परीक्षेच्या गुणांत घरानं, पैशानं आधीच दिलेली आघाडी दिसत नाही. मैत्रिणीची चिडचिड खोटी नाही. अर्ध्या पर्सेंटाइलनं कॉलेज हुकलं की कुणालाही लागतं. क्रीमीलेअर, म्हणजे आरक्षणातून वगळायची सधन ओबीसी घरं, ठरवताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, त्यातून सुखवस्तू घरंही निसटतात, हेही खरं. पण खासगी विनाअनुदानित कॉलेजांत 20 टक्के जागा संस्था स्तरावर, म्हणजे कॉलेजंच, भरतात, तिथं पैसे मोजणाऱ्याला ‘तुला काय’ असं कुणी ऐकवल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

खरी काळजी कागदांची कर. नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात पडताळणी लागते, म्हणजे दाखला खरा असल्याचं पडताळणी समितीचं प्रमाणपत्र. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा जातीचा पुरावा मागतात, तेव्हा आजोबांचा किंवा त्यांच्या भावाबहिणींचा शाळा सोडल्याचा दाखला आजच शोधायला घ्या. नॉन-क्रीमीलेअर (घर क्रीमीलेअरमध्ये येत नसल्याचं) प्रमाणपत्र पुढच्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत वैध असलेलं हवं. मुदतीत हे जमा झालं नाही तर तुला आपोआप ओपनमध्ये टाकतील, तेव्हा बाबांना उद्याच पडताळणी समितीच्या ऑफिसात पाठव आणि अर्जाची पावती जपून ठेव.